फोटोतले बूट

४ मे

चि. बाबूस,
अ. उ. आ., वि. वि.

फोटो पोचला. डोंगरमाथ्यावर तू आणि चिमणी. नात माझी, पण बघणाऱ्याला वाटेल तुझीच. सूनबाईने तो टीव्हीच्या वर लावलाय, म्हणजे आता बातम्या बघतानाही तूच दिसतोस.

तोंडाचं सोड, मी बघतो ते तुझे बूट. आपले पाय बाबांवर गेलेले. पुढून पंख्यासारखे, टाच पोरीसारखी अरुंद, आणि करंगळी शेजारच्या बोटाच्या अंगावर बसलेली. रुंद बूट घेतला की टाच आत नाचते, टाचेला बसला की बोटं बोंबलतात. दुकानं पालथी घातली. शेवटी दुकानदार मला बघून शटर ओढायला लागले. आणि तुला म्हणे पहिल्याच दुकानात मिळाले! चिमणी कौतुकाने सांगत होती, मला जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात ती नोकरीला लांब जाते. त्याआधी मला तिच्याबरोबर वर जायचंय. चपलांवर नेणार नाही म्हणते. दुकान कळव. उतरताना गुडघे दुखले का तेही कळव, खरं काय ते.

पत्राची वाट बघणारा,
दादा

९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

गुडघे दुखले. आता जेव.

दुकानदार आपल्यासारख्या पायांसाठी पुढून रुंद, टाचेला आवळ असे बूट मागवून देतो. कागदावर पाय ठेवून कडेने पेन्सिल फिरव आणि तो कागद मला पाठव. बूट मी धाडतो. जन्मभर लोकांचे कपडे शिवलेस, तुला माप घ्यायला मी काय शिकवणार?

वहिनींना नमस्कार. राग थोडा कमी व्हावा, माया आहे तेवढी असू दे.
तुझा बाबू

२० मे

चि. बाबूस,
अ. उ. आ., वि. वि.

बूट मिळाले. दारापासून नळापर्यंत गेलो आणि अनवाणी परत आलो. करंगळी लाल झालीय. तुला मऊ आणि मला लाकडी, हा काय न्याय? वर तूच एकटा जाऊन आलेला बरा, असं तर तुझ्या मनात नाही ना? तुझी वहिनी म्हणते, असं लिहू नका. मी लिहिलं.

चिमणी या रविवारी नेणार होती. आता तिच्याकडे पुढचा एकच रविवार उरलाय. रात्रभर डोळा लागत नाही.

दादा

२४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चिमणीला फोन केला. ती म्हणाली, आजोबांनी मशीनवर बसल्या बसल्याच कागद पायाखाली सरकवला. अरे दादा, गिऱ्हाईक जरा वाकलं तरी तू टेपने टोचून त्याला ताठ उभं करतोस, आणि स्वतःचं माप बसून घेतलंस? उभं राहिलं की आपला पंखा उघडतो. मी दुकानात उभा होतो, एवढाच काय तो फरक.

नवे मागवायला वेळ नाही, म्हणून सोबत माझेच पाठवतो. फोटोतले. लहानपणी तुझे जुने जोडे मला यायचे. तू नवे घालून पुढे, मी मागून तुझ्या टाचा बघत. तेव्हा माझ्याही पोटात दुखायचं, तुला कधी कळलं नाही. आता तू माझे घाल.

आणि एक. वर जाताना चिमणी सगळी वाट तुझ्याच गोष्टी सांगत होती. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मी दगडावर बसून बिस्किटं खाल्ली.

जाड मोजे घाल. शिव्या कमी, पत्रं जास्त पाठव.
बाबू

२ जून

चि. बाबूस,
अ. उ. आ., वि. वि.

काल जाऊन आलो. टाचेला जरा सैल आहेत, असं लिहिणार होतो, पण चिमणी मागे उभी राहून वाचतेय. बसले. बाबांचे पाय एकदाचे बुटात गेले.

वाटेत तिने माझ्यासमोर तुझंच पुराण लावलं. धाकटे आजोबा इथे बसले, तिथे घसरले. आधी राग आला. मग घसरल्याचं पुन्हा सांगायला लावलं.

तुझे बूट परत मिळणार नाहीत. मला आलेले लाकडी सोबत धाडतो, ते तू दुकानात बदलून घे, आणि माप उभं राहून दे.

माझाही फोटो तुझ्या शेजारी लावलाय. तुझ्यापेक्षा एक दगड वर उभा आहे. दोन्हींत बूट एकच आहेत, पण आल्यागेल्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. तू आलास की सांगू नकोस.

लवकर ये. डोंगर इथेच आहे, चिमणी मात्र येत्या शनिवारी निघतेय.
तुझा दादा