आईला शिकवताना

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई दवाखान्यातून घरी आली. उजवी बाजू अजून तिचं ऐकत नाही. सकाळी तिला गाऊन घालतो, भरवतो, केस विंचरतो, मग शाळेत पळतो आणि दहावीला गणित शिकवतो. संध्याकाळी पुन्हा तेच. सगळं वेळेवर होतं, तरी ती दिवसेंदिवस खचत चाललीय. काल कंगवा बाजूला सारून म्हणाली की तिची आता बाहुली झालीय. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खूप दमलोय गं. तू पोरींना पोहायला शिकवतेस, एखादी युक्ती असेल तर कळव.

लोभ आहेच, तो तरी दमू नये.
तुझा,
लंबू

२० जून

चि. लंबूस,
अ. आ.

युक्ती कसली? नवी पोरगी पाण्यात उतरली की मी पोटाखाली हात धरते. मग एक दिवस काढून घेते. तिच्या नाकातोंडात पाणी जातं, ती मला मनातल्या मनात शिव्या घालते आणि पाय मारायला लागते. तू हात काढतच नाहीयेस. गाऊनची बाही आधी दुबळ्या हातात घालायची, हे एकदा दाखव. बटणं तिला डाव्या हाताने लावू दे, कितीही वेळ लागो. वर्गातही तू असाच असणार, पोरं अडली की स्वतःच गणित सोडवून मोकळा.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
थोरली

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काठावर उभं राहून सांगणं सोपं असतं. तरी ऐकलं तुझं. बटणं लावताना आई रडायची आणि मी दाराआड हात चोळत उभा. मंगळवारी ती एकटीच उठायला गेली आणि पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला टेंगूळ आलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सराव सोडू नका. शेजारच्या काकू म्हणाल्या, मुलगा असून लक्ष नाही. मला काकूंचंच पटलं. आता सगळं पुन्हा मीच करतोय.

लोभाचं नंतर बघू.
लंबू

११ जुलै

चि. लंबूस,
अ. आ.

पत्र दोनदा वाचलं. काठावरच आहे मी, खरंय. स्पर्धा संपेपर्यंत रजा मिळत नाही. पण पडली त्याबद्दल आई काय म्हणते, ते तू लिहिलं नाहीस. तिला विचार आणि ती म्हणेल तसं कर.

अबोला धरू नकोस, एवढंच मागणं.
थोरली

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलं. म्हणाली, पडायच्या आधी खिडकीपर्यंत पोचले होते, ते कुणी विचारलंच नाही.

मग पुन्हा सुरू केलं. बटणं वरखाली लागतात, मी तसंच राहू देतो. वर्गात खडू पोरांच्या हाती दिलाय. धडे मागे पडलेत आणि मुख्याध्यापक कुरकुरतात. थकवा आहे तेवढाच आहे.

काल दुपारी शाळेतून आलो आणि बुटांसकट खुर्चीतच झोपलो. जाग आली तेव्हा अंगावर आईचं पांघरूण होतं. तिची खाट पलीकडच्या भिंतीला आहे. पांघरुणाचं एक टोक जमिनीवर लोळत होतं, दुसरं माझ्या गळ्यापाशी नीट खोचलेलं. आई भिंतीला धरून परत निघाली होती, पाठमोरी. पाऊल अडखळलं तिचं. उठावंसं वाटलं. डोळे मिटून घेतले आणि खाट कुरकुरेपर्यंत तसाच पडून राहिलो.

दोघांवरही लोभ असू दे.
तुझा,
लंबू