यानाबाहेरचा माणूस

सोम., ३ नोव्हें. हुलसूर
लिंबाजी सकाळीच दुकानात. मोतीबिंदू काढल्यापासून काळा चष्मा लावून फिरायलाय. म्हणाला, "माणिकशेट, रविवारी माझ्याकडं यायचं. सुजातानं आपली ती अंतराळाची मालिका हुडकली. सगळे भाग. मोठ्या टीव्हीवर लावणार हाय."
सुजाता त्याची लेक. कडगंचीला विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते.
आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. मग वाटलं, सापडली नसती तर बरं.

मंगळ., ४
दिवसभर मालिकाच डोळ्यांपुढं. दर रविवारी सकाळी लागायची. गल्लीतला पहिला टीव्ही आमचा, अप्पांनी उदगीरहून आणलेला. पुठ्ठ्याचं यान, आत दिवाळीच्या माळेसारखे दिवे, चंदेरी कपड्यातला कप्तान, पिठाच्या डब्यासारखा यंत्रमानव. सगळं खरं वाटायचं. पाचवीच्या पुस्तकात चांदण्यांची एक कविता होती, गुरुजी चालीवर म्हणून घ्यायचे. तीच कुणीतरी पडद्यावर आणलीय असं वाटायचं मला. आमची बैठक माणसांनी गच्च.
आणि लिंबाजी गच्चीवर. अँटेना धरून.
त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं तेव्हा. अँटेना त्यानंच बांबूला बांधली. हात सोडला की पडद्यावर मुंग्या. "आलं का?" तो वरून. "आलं, तसाच थांब," आम्ही खालून.
मालिका संपेपर्यंत तसाच थांबला. एकही भाग बघितला नाही.

बुध., ५
वहीत तरी खरं लिहावं.
भाग संपला की मी वर जाऊन त्याला गोष्ट सांगायचो. मालिका हिंदीत, मी मराठीत सांगायचो, थोडी पदरची भर. एकदा त्याचे तळहात बघितले, अँटेनाच्या तापलेल्या नळीनं लाल झालेले. त्या दिवशी गोष्टीत एक माणूस घातला. तो यानाच्या बाहेर दोरीला लटकून अँटेनाच्या तारा धरून ठेवतो, म्हणून आतल्यांना पृथ्वी दिसते. लिंबाजीला लई आवडला तो. पुढच्या रविवारी मी वर जायच्या आधीच, "बाहेरच्याचं काय झालं आज?" मग दर भागात घालत गेलो.
मालिकेत असा कुणी नाहीच.
या रविवारी त्याला कळणार.

गुरु., ६
बायकोला, कमलला सांगितलं. शेंगा फोडता फोडता तिनं ऐकलं.
"एवढंच?"
"एवढंच म्हणजे?"
"बाकीचे कामून गेले न्हाईत कधी बांबू धरायला, ते इचारलाव का कधी?"
म्हटलं, त्यालाच जमायचं.
"बांबू धरायला काय जमावं लागतंय?"
दिवसभर ते वाक्य... आमचा जिना बाहेरून होता. बुद्धवाड्यातला लिंबाजी खाली आला असता तर त्याला सतरंजीवर बसवायचं की उंबऱ्याबाहेर, हे अप्पांना ठरवावं लागलं असतं. तो वर होता म्हणून कुणालाच काही ठरवावं लागलं नाही. मलाही. मी तर शिकलेला, कविता पाठ असलेला.

शनि., ८
आधीच सांगून टाकावं म्हणून त्याच्या घरी गेलो. पाहुणे होते. परत आलो. दुपारी पुन्हा गेलो. पाहुणे नव्हते. तरी परत आलो.

रवि., ९
लिंबाजीनं मला मधल्या खुर्चीवर बसवलं. सुजातानं चुरमुऱ्यांचा सुसला दिला, वर शेंगदाणे. मालिका लागली. यान केवढंसं. कप्तानाची मिशी चिकटवलेली, एका बाजूनं सुटलेली. सुजाता हसली. आम्ही दोघं नाही. लिंबाजी खुर्चीच्या टोकावर, नव्या डोळ्यांनी बघत.
दोन भाग झाले.
"बाहेरचा कधी यायलाय रे?"
सांगितलं. "तो न्हाई त्यात. मीच घातला होता. तू वर होतास म्हणून." मग जिन्याचंही सांगितलं. सगळं.
सुजातानं टीव्ही थांबवला. कप्तान हात वर करून तसाच.
लिंबाजीनं चष्मा काढून पुसला, लावला, पुन्हा काढला. "जिन्याचं तू काय मला सांगायलास? चढत तर मी होतो."
मी सुसल्याची ताटली खाली ठेवली.
"राग होता. लई होता. तू गोष्ट घेऊन वर यायचास, तेवढा वेळ इसरायचो." मग चष्मा लावत, "मान्या, शेवटच्या रविवारी लाईट गेलती. तू म्हणलास पुढचं मागून सांगतो. सांगितलंच न्हाईस. त्या बाहेरच्याला आत घेतलं का न्हाई?"
म्हटलं, ते ठरवलंच नव्हतं.
"मग आता ठरव. लई वर्षं लटकलाय गडी." सुजाताला म्हणाला, "लाव ग तिसरा."

संध्याकाळी आमच्या गच्चीवर गेलो. बाहेरच्या जिन्यानं, गुडघे धरत. बांबूचं भोक अजून आहे, त्यात तुळशीचं रोप उगवलंय. पहिली चांदणी दिसेपर्यंत वही घेऊन बसलो.
दोरी तो सोडणार नाही, एवढं नक्की. दार आतूनच कुणीतरी उघडायला पाहिजे. पण नुसतं "ये आत" म्हणून भागेल का? त्याला बसवायचं कुठं, आणि त्याच्या जागी तारा कुणी धरायच्या...