दाबाच्या मोज्यांची वरची कड

बाबा,

मी कामावर निघाले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं होतं, म्हणून हाक मारली नाही.

दाबाचे मोजे उशाशी आहेत. पलंगावरून पाय खाली सोडण्याआधीच चढवा. एकदा पायांत सूज भरली की ते पोटरीवर सरकत नाहीत. आई भांड्यांचे रबरी हातमोजे घालून तुम्हाला ते चढवायची, तेही शेजारी ठेवलेत. ‘तिच्याशिवाय कुणाला जमत नाही,’ हे तुमचं म्हणणं माझ्यापुरतं मला मान्य आहे. म्हणून शेजारच्या काकांना बोलावलंय. त्यांना ‘वर्तमानपत्र न्यायला आलात का?’ असं विचारून दारातूनच वाटेला लावू नका.

आणि मोजे लांब होतात म्हणून शाळेतल्या मुलासारखी वरची कड दुमडू नका. ती घडी दोरीसारखी आवळते आणि रक्त खालीच अडतं. काल डॉक्टर गुठळीचं बोलले, तेव्हा तुम्ही पुटपुटलात, ‘झाली तर बरंच.’

मी ऐकलं, बाबा.

आई गेल्यापासून तुम्हाला कशातच राम वाटत नाही, हे दिसतं मला. पण मला आता तुमच्याशिवाय कुणी नाही. आजच्यापुरते मोजे घाला. उद्याचं भांडण आपण उद्या करू.

तुमची कार्टी