चंदनचा अंगठा

२४ मार्च २०२५, सोमवार

अंगठा घेतला एकदाचा! चंदन पोहे खात होता. डावा हात दे म्हटलं, दिला. पॅडवर दाबला, अर्जावर टेकवला, ओल्या फडक्यानं पुसला. दोन मिनिटं नाही लागली. काय लिहिलंय, असं विचारत होता. समितीचं आहे रे, नेहमीचं, म्हटलं आणि कागद पिशवीत टाकला.

आबा गेल्यापासून त्यांच्या फंडाचे पैसे चंदनच्या नावावर आहेत, सरकारी समितीच्या देखरेखीखाली. काढायचे तर मी, त्याची कायदेशीर पालक, कारण लिहून अर्ज करायचा. खाली चंदनची सही नाहीतर अंगठा. कारण लिहिलंय — स्पीच थेरपी. खरं कारण इशिताच्या बारावीच्या क्लासची फी. सख्खी भाची आहे ती त्याची. आणि माझ्याकडे माझ्या भावाला काय कमी पडतंय?

२ एप्रिल

समितीकडून काही नाही. सिल्व्हर पार्कच्या क्लासवाल्यांचे दोन फोन.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. विहारात गर्दी. वर्गणीची वही फिरत आली तशी चंदननं ओढून घेतली. आधी अख्खं पान वाचलं, अक्षराला अक्षर लावत. मग सही — चंदन सहादेव खिल्लारे, खाली आबांसारखी रेघ. मागे सगळे खोळंबले, पण कुणी कुरकुरलं नाही. शेजारच्या कमळाबाई म्हणाल्या, पोरानं बापाची सही उचललीय. सगळे हसले. मीही हसले. खिरीची वाटी तशीच ठेवून आले.

२२ एप्रिल

समितीच्या निशिगंधा मॅडम आल्या. न कळवता! चंदनची खोली बघितली, पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. येताना हाटकेशला गेल्या होत्या, चंदन फायली बनवतो त्या दिव्यांगांच्या कार्यशाळेत. मोबाईलवर तिथल्या हजेरीवहीचा फोटो. रोज सही. शेजारी माझा अर्ज ठेवला.

"तिकडे सही करतोय, इकडे अंगठा. असं का?"

त्याला वेळ लागतो हो, म्हटलं. मग थेरपी कुठे चालू आहे, असं विचारलं. मी एखाद्या सेंटरचं नाव आठवायला लागले. चंदन दारातच उभा होता.

"मी कुठं जात नाय. मी फायली बनवतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी आवाजही चढवला नाही. सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या म्हणाल्या, आणि त्यावर चंदनची सही.

२३ एप्रिल

'त्याला वेळ लागतो' — इथेही तेच लिहिणार होते! इथे कोण वाचतंय? खरं लिही ना, बये.

चंदन वाचल्याशिवाय सही करत नाही. आबांनी चार वर्षं पाटीवर गिरवून घेतलं त्याच्याकडून, आणि पहिल्या दिवसापासून एकच घोकवलं: "वाचल्याबिगर पेन टेकवायचं न्हाई." आबांच्या वडिलांचं आयुष्य अंगठे देण्यात गेलं होतं. त्यांची नात मी, बी.ए. झालेली, भावाचा अंगठा घेतेय. सहा वर्षांत तीनदा. पहिले दोन अर्ज खरे होते, तेव्हा नुसती घाई होती. या वेळी घाई नव्हती. तो वाचेल, आणि 'थेरपी कुठली' विचारेल, ही भीती होती.

लाज वाटते. आबांच्या फोटोकडे बघवत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

खुलासा लिहिला. चारच ओळी. अर्ज मागे घेते, कारण खोटं लिहिलं होतं, पैसे मुलीच्या फीसाठी हवे होते. इशिताला आधी सांगितलं. मामाला माहितीये का, एवढंच विचारून ती उठून गेली.

चंदनपुढे कागद ठेवला. वाचायला पाव तास. 'खोटं'वर बोट थांबलं.

"कोण खोटं?"

"मी."

"मला सांगितलं नाय."

"नाही सांगितलं."

पुढचं वाचून संपवलं. मग सही केली, रेघेसकट. खाली माझी राहिली होती. मी पेन मागितलं. त्यानं ते खिशाला लावलं, कपाटातून शाईचं पॅड आणलं आणि उघडून माझ्यासमोर ठेवलं.

"ताई, हात दे."

२७ एप्रिल

दिला. मग ओलं फडकं आणून त्यानं माझा अंगठा पुसला, मी त्याचा पुसते तसाच. शाई अजून गेलेली नाही.