शांताक्कांचा नवस

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७

दिवा लावत होते, तेवढ्यात मागच्या घरातल्या शांताक्का आल्या. त्यांच्या महादूला जन्मठेप झाली. भांडणात दोस्ताचा जीव घेतला त्यानं. वय सतरा, अजून मिसरूडही नीट फुटलेलं नाही, पण सोळा पूर्ण म्हणून मोठ्यांच्या कोर्टात. चौदा वर्षांनी सुटेल असं धरू नका, जन्मठेप म्हणजे जन्मभर, असं वकील म्हणाले.

"वैनी, ह्याच्या लग्नात गोंधळ घालीन म्हणून अंबाबाईला बोललोय मी. आता लगीन कुठलं? आत्ताच घालून टाकू?"

मी पटकन म्हणाले, "नवरीशिवाय लग्नाचा गोंधळ असतो होय, अक्का?"

"तेच की! आता घातला तर पोरगं येत न्हाय हे मीच देवीला सांगितल्यागत. न घालता मेलो तर तिचं ऱ्हातंय."

देवाधर्माचं सगळी गल्ली मला विचारते. आज मी थांबा, एवढंच म्हणाले. पण कशासाठी? ते कोवळं मिसरूड आत पांढरं होईपर्यंत?

आणि तो मेलेला पोरगा? त्यालाही कुठं मिसरूड होतं. त्याच्या आईनंही असाच गोंधळ बोललेला असेल. तिला तर थांबा म्हणायचीही सोय नाही.