कावळ्यानं ऐकलेला शब्द

कुंडलिकदादास,
वडगावहून धाकट्या बहिणीचा नमस्कार.

आईच्या दहाव्याला नीरेच्या काठावर कावळा काही केल्या पिंडाला शिवंना. तिचा जीव कशात अडकलाय, हे सगळ्या भावकीला ठावं व्हतं. शेताच्या बांधापायी तू आन् ज्ञानेश, दोघं भाऊ, कित्येक वरसं एकमेकांशी बोलत न्हाय. मीच ज्ञानेशला पुढं ढकललं. "कोर्टातला दावा मागं घेतो," तो म्हणाला. मग तू हात जोडलेस, "आई, बांधाला आता हात लावणार न्हाय." तेवढ्यात कावळा आला बी. सगळ्यांच्या डोळ्यांला पाणी आलं.

ज्ञानेशनं दावा काढून घेतला, आन् त्याच आठवड्यात तू बांधावर ट्रॅक्टर घातलास. काल त्याचा फोन आला. "अक्का, मी चुकलो का?" भांडत ऱ्हा, असं सख्ख्या भावाला कसं सांगू? आन् मिटव, असं तरी कुठल्या तोंडानं सांगू?

आई तुझा शब्द खरा मानून गेली, दादा.

हे पत्र मी धाडणार न्हाय. वाचून तू रडशील, पुन्हा शब्द देशील, आन् मी पुन्हा ज्ञानेशला पुढं ढकलीन.

तुझीच,
संजीवनी