आत्या, ते पान उघडू नकोस

तीर्थस्वरूप आत्यास,

भिंगरीचा वाकून नमस्कार. (खरोखर वाकून, कारण टेबल बुटकं आहे आणि मी मातीच्या पोत्यावर बसून लिहितोय.) विनंती आहे आणि विशेषही आहे, पण पहिल्याच ओळीत मागणं बरं दिसत नाही, म्हणून आधी तब्येत विचारतो. तुझा दमा कसा आहे? फोनवर तू नेहमी ‘बरी आहे’ म्हणतेस, पण ‘बरी’ आणि ‘आहे’च्या मधे श्वास घ्यायला थांबतेस, ते मला ऐकू येतं. आतोबांचं ऐक आणि वाफ घेत जा. त्यांनाही नमस्कार. मी ठणठणीत आहे. फोन मात्र वारला. तुझा नंबर त्याच्याच पोटात होता, माझ्या डोक्यात नव्हता, त्यामुळे शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच कागदाला हात लावतोय. चुका पोटात घाल.

तर इथे परदेशात मी जिथे पोती उचलतो ते काचघर, म्हणजे काचेच्या छपराखाली रोपांचे लांबच लांब वाफे आणि वर तोट्या लावलेले पाण्याचे पाइप. पाणी सोडायचं काम मालकांच्या ऑफिसामागच्या खोलीतला एक डबा करतो. त्याला सर्व्हर म्हणतात. त्याच्या आत पाण्याचा प्रोग्राम राहतो, आणि राहतो कसा, तर रुसलेल्या सासऱ्यासारखा. बाहेर येत नाही, कोणाशी बोलत नाही, काळ्या पडद्यावर नेमक्या शब्दांत विनवणी टाइप केली तरच हलतो. एक टिंब चुकलं की मुसळ केरात. ती विनवणी फक्त ऑफिसातल्या चष्मेवाल्या बाईंना येते, आणि बाई निघाल्या गुडघ्याच्या ऑपरेशनला. मालक डोक्याला हात लावून बसलेले, मी दारावरून पोतं घेऊन चाललेलो, आणि बोलून बसलो, मी करतो. (माझी जीभ माझ्या आधी पोचते, तुला ठाऊकच आहे.) जमलं तर पोती सुटतील आणि आतल्या खोलीत खुर्ची मिळेल, असं मालक म्हणाले. खुर्ची हा शब्द ऐकला आणि तू आठवलीस. ‘ही भिंगरी एका जागी बसली तर मी अख्ख्या आळीला सांगत फिरेन’ असं तूच म्हणायचीस ना? तेव्हा मला ती थट्टा वाटायची.

काम असं होतं. तू फोनवर ज्यातून बातम्या बघतेस तो ब्राउझर, त्यात एक पान उघडायचं. पान म्हणजे हॉटेलातला वेटर आणि प्रोग्राम म्हणजे आतला आचारी. आपण बटण दाबायचं, वेटर आत जाऊन ओरडणार, आचारी पाणी सोडणार. जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हिडिओ बघत बसलो. जे समजलं ते केलं, जे समजलं नाही ते जसंच्या तसं उतरवलं. प्रत्येक वाफ्याला एक निळं बटण. पण मालकांचा अंगठा उशीएवढा, एक दाबायला जावं तर तीन दाबली जायची. ते वैतागले, म्हणाले, बटणंबिटणं नकोत, पान उघडलं की पाणी आलं पाहिजे. मी बटणं उपटली. पान उघडलं की सगळ्या वाफ्यांवर पाऊस. बाईंनी निघता निघता चष्म्यावरून बघितलं. “अरे, दाराला कडी तरी लाव. कोणीही उघडेल.” मी म्हणालो, “बाई, परक्याच्या रोपांना पाणी घालायला कोण येतंय?”

आणि त्याच संध्याकाळी हौसेने तुला त्या पानाचा पत्ता पाठवला. तळाशी बारीक अक्षरात ‘कारागीर : भिंगरी’ लिहिलं होतं, ते तुला दिसावं एवढीच इच्छा. (तू रडलीस, मग आतोबांनी फोन घेतला आणि तेही नुसतेच खाकरत राहिले.)

दुसऱ्या दिवसापासून काचघरात अवकाळी सुरू झाला. कधी सकाळी, कधी सकाळीच पुन्हा. पाइप फुटला असेल म्हणून मालकांनी नळवाल्याला बोलावलं. तो शिडीवर चढून तोटीला डोळा लावून बघत होता, तेवढ्यात तोटीनेही त्याच्याकडे बघितलं. तो काय बोलला ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही. मुळं कुजू लागली. मालक म्हणाले, आणखी एकदा अवेळी पाणी पडलं, तर तू आणि तुझी पोती.

मग शुक्रवारी रोपांचे व्यापारी आले, चांगले कोटबीट घालून. मालक त्यांना वाफ्यांमधून फिरवत होते आणि मी कोपऱ्यात तुझ्याशी बोलत होतो. तू म्हणालीस, “थांब रे, शिंपी आलेत, त्यांना तुझं पान दाखवते.” मी म्हणालो, दाखव की. वरून धो धो. तू विचारलंस, “कसला आवाज रे? पाऊस का?” बाहेर लख्ख ऊन. मी व्यापाऱ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, “हो आत्या, पाऊसच.” तर तू म्हणालीस, “यांनी चष्मा आणला नव्हता. थांब, परत उघडते.” फोन वारला तो तेव्हा.

भिजल्यावर माझं डोकं चालतं. तुमच्याकडे दुपारची जेवणं उरकून आळी गप्पांना बसते, तेव्हा इथे सकाळ असते. वाणी, शेजारीण, कंपाउंडर, तू ज्याला ज्याला दाखवलंस त्याचा त्याचा पाऊस आमच्यावर पडून गेलाय. मालकांना खरं ते सांगितलं. एका व्यापाऱ्याचा कोट पिळता पिळता ते थांबले. “म्हणजे माझ्या रोपांना तुझी आत्या पाणी घालते?” मी हो म्हणालो. “तिला कळव, पोचलं.”

तेव्हा विनंती ही की, ते पान उघडू नकोस. बंद करावं तर रोपं वाळतात, चालू ठेवावं तर कुजतात, आणि कडी कशी लावायची ते बघायला फोन नाही. बाईंना गाठतोय. तोवर माझी खुर्ची तुझ्या अंगठ्याखाली आहे.

तुझी,
भिंगरी

ता. क. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं. बाईंच्या घरी जाऊन आलो. उशीवर पाय ठेवून, पडल्या पडल्या त्यांनी मला कडी शिकवली. आता पान आधी पासवर्ड विचारतं. मालकांना तो पाठ होत नाही, दर वेळी मला हाक मारतात, आणि हाक जवळ पडावी म्हणून त्यांनी मला आतच बसवलंय. खुर्ची डुगडुगते, पण आहे. सांग आळीला. वरचं सगळं विसर आणि पान खुशाल उघड, काही होणार नाही.

ता. क. आणखी एक. काही होत नाही, हीच पंचाईत आहे. कडी लावल्यापासून अवेळी एक थेंब नाही. मालक खूश, रोपं खूश, मी मात्र सकाळभर छताकडे बघत बसतो. पाऊस पडायचा तेव्हा निदान कळायचं, आत्या जेवलीये, आणि फुशारकी मारण्याइतका श्वास शिल्लक आहे. म्हणून मालकांना विचारून (ते म्हणाले, कोटवाले फिरत नाहीत त्या बाजूला कर) तुझ्याकडचा पत्ता शेवटच्या टोकाच्या तोटीकडे वळवलाय. तिथे कडी नाही. खाली फुटक्या कुंड्या ठेवल्यात, त्यांत काही लावलेलं नाही, तेव्हा कुजायची धास्ती नको. रोज जेवण झालं की उघडत जा. शिंपीही उघडणार, म्हणून तू लागोपाठ दोनदा उघड, म्हणजे तूच ते मला कळेल. दोन पाण्यांच्या मधे श्वास घ्यायला थांबलीस तरी चालेल. मी खुर्चीत आहे.